नऊ हजार चारशे एक सह्या

आपल्या पूर्वजांची नोंद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या वह्यांत सापडते. क्रमांक, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, जहाज. कोकणातल्या माणसाने सांगितलेले नाव कारकुनाने कानाला लागले तसे उतरवले, आणि पुढे तेच मोडके नाव आपल्यापैकी कित्येकांचे आडनाव झाले. सगळे लिहिले गेले. तो माणूस काय म्हणत होता, त्यासाठी मात्र वहीत रकाना नव्हता.

मळेवाल्यांच्या कागदांतून मॉरिशसचा इतिहास वाचला तर तो साखरेचा इतिहास वाटतो. १८३४ पासून साडेचार लाखांवर गिरमिटिये या बेटावर उतरले. सुरुवातीला महिन्याला पाच रुपये पगार, वर तांदूळ-डाळ. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, हा तर कायदाच! आजारी माणसाला त्याचा अर्थ काय, हे वर्गात मुलांना समजावताना आजही आमचा आवाज जड होतो.

गिरमिट संपलेल्यांचीही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने ‘जुन्या आप्रवाशांना’ फोटो लावलेला पास बाळगावा लागे. पास घरी राहिला की पोलीस धरत. भोजपुरी असो, तमिळ असो की मराठी, पास सर्वांच्या खिशात सारखाच.

अखेर १८७१ च्या जून महिन्यात ही माणसे स्वतः बोलली. आदोल्फ द प्लेवित्स या मळेवाल्याच्या मदतीने त्यांनी गव्हर्नर गॉर्डन यांना अर्ज दिला. त्याखाली ९,४०१ जणांनी सह्या केल्या. ज्यांना रोज मळ्यात राबायचे आणि रस्त्यात पोलिसाला पास दाखवायचा, त्यांनी आपले नाव सरकारपुढे ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती. द प्लेवित्सला तर भर रस्त्यात मारहाण झाली. त्याला बेटाबाहेर काढा, असा उलट अर्ज मळेवाल्यांनी केला.

पुढे लंडनहून रॉयल कमिशन आले. १८७५ च्या त्याच्या अहवालाने तक्रारी बहुतांशी खऱ्या ठरवल्या आणि १८७८ मध्ये मजुरांचा नवा कायदा झाला. मुले विचारतात, “मग सगळे सुधारले का?” नाही, बाळांनो. पगारकपात पुढेही चालूच राहिली.

आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आम्ही दरवर्षी मुलांकडून मोजून घेतो. यंदा त्यांना घरून आणखी एक काम दिले आहे: आजी-आजोबांकडून पणजोबांची एखादी गोष्ट ऐकून ती वहीत लिहून आणायची.