प्रस्तावना : पडद्यासमोरचे मन

चित्रपट पाहून बाहेर पडलो की आपण नटांबद्दल बोलतो, कथेबद्दल बोलतो, गाण्यांबद्दल तर बोलतोच. प्रेक्षकाबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. समोरची माणसे खोटी आहेत हे पक्के ठाऊक असूनही अंधारात त्यांच्यासाठी डोळे टिपणाऱ्या या प्राण्याच्या मनात नेमके चालते तरी काय? १९७०च्या दशकात पॅरिस आणि लंडनमधल्या काही अभ्यासकांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला आणि उत्तरासाठी मनोविश्लेषणाचे दार ठोठावले. त्यातून उभी राहिलेली विचारपरंपरा आणि तिच्याशी झालेली भांडणे ही या पुस्तकाची सामग्री आहे.

सिनेमा आणि मनोविश्लेषण या दोघांची सोयरीक तशी जुनी. ल्यूमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चित्रे हलवून दाखवली ती १८९५ साली. त्याच वर्षी फ्रॉइड आणि ब्रॉयर यांचे उन्मादावरचे पुस्तक निघाले. पुढे १९२६मध्ये दिग्दर्शक पाब्स्टने जर्मनीत मनोविश्लेषणावरच चित्रपट काढला, तेव्हा फ्रॉइडचे दोन सहकारी त्याला सल्ला देत होते. स्वतः फ्रॉइड मात्र चार हात दूर राहिला. सिनेमाचे आणि त्याचे कधी जमलेच नाही.

सिद्धांताची खरी पायाभरणी त्याच्यानंतर झाली, तीही फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँच्या आधाराने. आरशात स्वतःला पाहून हरखणाऱ्या तान्ह्या मुलाला प्रथमच आपण एकसंध असल्याचा भास होतो, असे लाकाँचे म्हणणे. पॅरिसमधल्या अभ्यासकांपैकी १९७०मध्ये बोद्रीने आणि १९७५मध्ये ख्रिस्तियाँ मेत्झने हा आरसा चित्रपटगृहात आणला. मेत्झची एक बारीक नोंद वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी : पडद्याच्या आरशात सगळे दिसते, पाहणाऱ्याचे शरीर तेवढे दिसत नाही. म्हणून प्रेक्षक पात्रांशी जोडला जाण्याआधीच स्वतःच्या पाहण्याशी, म्हणजे कॅमेऱ्याशी, एकरूप होतो.

१९७५मध्येच लंडनच्या ‘स्क्रीन’ या नियतकालिकात लॉरा मल्व्हीचा दृश्यसुखावरचा निबंध आला आणि चर्चेचा नूरच पालटला. हॉलिवूडमध्ये पाहतो तो पुरुष आणि पाहिली जाते ती स्त्री, हा तिचा दावा. तो पडताळायला तिनेच हाताळलेला हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ (१९५४) घ्या. पाय प्लास्टरमध्ये असलेला छायाचित्रकार जेफ खिडकीत बसून शेजाऱ्यांना न्याहाळतो. लग्नासाठी आतुर असलेली देखणी लिसा शेजारी बसते, तेव्हा त्याचे तिच्याकडे फारसे लक्ष नसते. पण तीच लिसा खुनाचा संशय असलेल्या समोरच्या शेजाऱ्याच्या घरात शिरते आणि जेफचा जीव टांगणीला लागतो. ती चौकटीत गेली, पाहण्याजोगी झाली! पकडली गेल्यावर ती हात पाठीमागे घेऊन बोटातली अंगठी जेफला दाखवते. संशयिताला ती खूण दिसते, तो वर पाहतो आणि त्याची नजर थेट आपल्यावर येऊन आदळते.

आता हाच प्रसंग उलटा वाचून पाहा. जागचे हलता येत नाही ते जेफला, खिडकीतून आत शिरते ती लिसा. टॅनिया मोडलेस्कीने १९८८मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. चित्रपटाच्या शेवटी जेफचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये आहेत, तो झोपला आहे याची लिसा खात्री करून घेते आणि हातातले हिमालयावरचे पुस्तक ठेवून फॅशनचे मासिक उघडते. मग नजर कोणाची?

याहून कडक आक्षेपही झाले. ‘स्क्रीन’च्याच चार संपादकांनी १९७६मध्ये राजीनामे दिले; मनोविश्लेषणाचा हा अतिरेक आणि त्याची दुर्बोध भाषा त्यांना पटत नव्हती. नोएल कॅरलने १९८८मध्ये विचारले की, साध्या आकलनाने आणि अवधानाने जे समजते त्यासाठी नेणिवेला वेठीस का धरावे? १९९६मध्ये त्याने आणि डेव्हिड बोर्डवेलने या साऱ्या महासिद्धांतांनाच निरोप देऊ पाहिला. बेल हुक्सने १९९२मध्ये वेगळीच दुखरी नस दाबली : मल्व्हीच्या मांडणीत कृष्णवर्णीय प्रेक्षक-स्त्री आहेच कुठे? याउलट जोन कॉपजेकची तक्रार अशी की, चित्रपट-अभ्यासकांनी लाकाँच मुळात नीट वाचला नाही.

माझे मत विचाराल तर पुराव्याच्या कसोटीवर कॅरलची बाजू भक्कम आहे. आरसा आणि पडदा यांची जोडी ओढूनताणूनच जुळवलेली वाटते. पण पुन्हा ‘रिअर विंडो’ पाहताना मला मल्व्ही आठवते, कॅरल आठवत नाही. पाहण्यातल्या सुखाबद्दल आणि त्या सुखातल्या ओशाळेपणाबद्दल टीकाकारांनी फारसे सांगितलेले नाही.

नव्या वाचकांनी मेत्झपासून सुरुवात करू नये, दमछाक होईल. आधी चित्रपट पाहा, मग मल्व्हीचा निबंध वाचा. तो छोटा आहे आणि मुद्दाम चिथावणारा आहे. लगोलग हुक्स वाचा, म्हणजे मल्व्हीची धार आणि मर्यादा दोन्ही कळतील. हिंदी चित्रपट जवळचे वाटत असतील, तर त्यांना सामूहिक स्वप्नरंजन मानणारे सुधीर कक्कर यांचे लेखन मधेच वाचायला हरकत नाही. लाकाँ शेवटी ठेवा, आणि तो पहिल्या वाचनात कळला नाही तर पुस्तक मिटून आणखी एक चित्रपट पाहा.