नवी रायफल आणि पहिली शंभर काडतुसे : अचूक नेमबाजीच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील गाव. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच तालुक्याच्या ठिकाणी, आष्टीच्या पोलीस ठाण्यावर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि आष्टी हे नाव चिमूरच्या बरोबरीने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदले गेले. या परिसराला बंदुकीची ओळख झाली ती अशी, नळीच्या तोंडाकडून. त्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि त्याच जिल्ह्यात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडारही आहे. अशा प्रदेशात इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकाने रायफलीवर लिहावे याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु शस्त्राचा इतिहास आपण बहुधा लढाया, तह आणि सेनापती यांच्या आधारे लिहितो. शस्त्र हाती आल्यानंतर ते वापरणाऱ्याचे होईपर्यंत मध्ये काय घडते, याकडे आपले लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्या मधल्या काळाचा विचार केला आहे. लांब पल्ल्याची अचूक रायफल कोणाच्या हाती आली, याइतकाच तिच्यातून झाडण्यासाठी काडतुसे कोणाला मिळाली हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नळी रुळविणे म्हणजे काय?

नवा गोऱ्हा जसा औताला रुळवावा लागतो, तशी नवी रायफलही रुळवावी लागते. रायफलीच्या नळीत आतून नागमोडी आटे पाडलेले असतात. गोळी या आट्यांत दाबली जाऊन स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि त्या फिरकीमुळे तिची दिशा स्थिर राहते. गुळगुळीत नळीच्या बंदुकीत ही फिरकी नसते. कारखान्यातून नव्याने आलेल्या नळीत, विशेषतः काडतुसाच्या घरापुढे जेथे आटे सुरू होतात तेथे, हत्यारांचे अतिसूक्ष्म ओरखडे शिल्लक असतात. गोळीवरील तांब्याचे आवरण या ओरखड्यांवर खरवडले जाते व त्याचा थर नळीत बसतो. म्हणून अनेक नेमबाज पहिल्या काही गोळ्यांच्या वेळी प्रत्येक गोळीनंतर नळी साफ करतात, मग तीन-तीन, पाच-पाच गोळ्यांनंतर. ओरखडे झिजले की तांबे कमी बसू लागते आणि गोळ्या एकमेकींच्या जवळ पडू लागतात. साधारणपणे पहिल्या शंभरेक गोळ्यांत गोळीचा वेगही बऱ्याच अंशी स्थिरावतो.

या विधीबाबत जाणकारांत एकमत नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. उत्तम घोटलेल्या नळीला याची गरज नसते, उलट अकारण गोळ्या झाडल्याने नळीचे आयुष्य कमी होते, असे म्हणणारे कुशल कारागीरही आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. लांब पल्ल्याच्या जोरकस काडतुसांची नळी काही थोड्या हजार गोळ्यांतच आपली अचूकता गमावते. तरीही या पहिल्या गोळ्यांचे एक काम वादातीत आहे. त्या काळात नेमबाज रायफल शिकतो. दृष्टियंत्राचा शून्य जुळवणे, कोणत्या गटाची काडतुसे या नळीला मानवतात ते पाहणे, थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा कोठे पडते याची वहीत नोंद करणे, ही सर्व कामे याच टप्प्यातील आहेत. वर्तुळाच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. एवढी चूक १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर भरते, तर १००० मीटरवर तीच सुमारे २९ सेंटिमीटर होते. जवळच्या अंतरावर जी चूक डोळ्यांत भरत नाही, ती दूरवर गोळी लक्ष्याबाहेर नेते. वही, चिंदी आणि काडतुसे यांवाचून लांब पल्ल्याची रायफल ही केवळ महागडी नळी ठरते.

१८५७ : आट्यांची नळी आणि तिचे काडतूस

हिंदुस्थानात लांब पल्ल्याची रायफल सामान्य शिपायांच्या हाती देऊन ती शिकविण्याचा पहिला मोठा प्रयोग १८५७ च्या प्रारंभी झाला. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल शिकविण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे उघडण्यात आली व निरनिराळ्या पलटणींतून निवडक शिपाई तेथे पाठविण्यात आले. जुन्या ब्राउन बेस बंदुकीचा नेम १०० यार्डांच्या पुढे फारसा भरवशाचा नव्हता. एन्फिल्डच्या दृष्टिपट्टीवर सुमारे ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या.

पुढे काय झाले ते सर्वपरिचित आहे. मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत काडतुसाचा प्रसंग केवळ धर्मभावनेच्या अंगाने येतो. काडतुसाला चरबी लागतच का होती, हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत, आणि खरे सांगायचे तर आपण अध्यापकही तो उपस्थित करीत नाही. त्याचे उत्तर नळीतील आट्यांत आहे. एन्फिल्ड तोंडाकडून भरली जाई. काळ्या दारूची काजळी आट्यांत साचत जाई व काही गोळ्यांनंतर पुढची गोळी गजाने खाली ढकलणे कठीण होई. गोळीभोवतीचा कागद वंगणाने माखलेला असल्यास ती सरकत असे आणि काजळीही मऊ राहत असे. गुळगुळीत नळीत सैल गोळी वापरता येई, त्यामुळे तेथे ही अडचण तितकी तीव्र नव्हती. म्हणजे अचूकता, आटे आणि वंगण यांची एक साखळी होती व तिची शेवटची कडी दाताने काडतूस तोडणाऱ्या शिपायाच्या तोंडापर्यंत पोहोचली. गायीच्या व डुकराच्या चरबीचा संशय तेथे उभा राहिला. पुढे काडतूस हाताने फाडण्याची कवायत लागू करण्यात आली, पण तोवर विश्वास उरला नव्हता. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथातही उत्तरेकडे निघालेल्या या भिक्षुकाच्या कानी काडतुसांची हकीकत महूच्या परिसरात शिपायांकडूनच आली आहे. कोकणातल्या एका वैदिकाचा आणि रायफलीच्या तंत्राचा असा संबंध यावा, ही इतिहासातील गमतीची नव्हे, गंभीर गोष्ट आहे.

याहून क्लेशकारक बाब पुढची आहे. उठाव करणाऱ्या बहुसंख्य शिपायांच्या हाती जुन्याच गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. नवी रायफल त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. ज्या रायफलीच्या काडतुसावरून ठिणगी पडली, तीच रायफल इंग्रज पलटणींच्या हातून त्यांच्यावर चालली, तीही त्यांच्या बंदुकीच्या टप्प्याबाहेरून.

आटे पुसलेली बंदूक

१८५८ नंतर राज्यकर्त्यांनी काढलेला निष्कर्ष स्पष्ट होता. हिंदी पलटणींसाठी दिसण्यात एन्फिल्डसारखी, परंतु गुळगुळीत नळीची आणि साध्या दृष्टिपट्टीची बंदूक तयार करण्यात आली. काही डोंगरी तोफखाने वगळता तोफखान्यातूनही हिंदी माणसाला दूर ठेवण्यात आले. पुढील काही दशके हिंदी शिपाई गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुने शस्त्र वापरीत राहिला : गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर मिळाली, आणि गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाल्यावर मार्टिनी आपल्याकडे उतरली. नळीतील आटे पुसून टाकणे ही कल्पनाच विलक्षण आहे. शिपाई हवा, पण त्याने दूरवर नेम धरलेला नको, असे राज्यकर्त्यांचे धोरण त्या एका कृतीत वाचता येते.

नागरिकांच्या बाबतीत हेच काम लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने केले. हिंदी माणसाला परवाना आवश्यक, युरोपियनांना सूट. येथे सेवाग्रामचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९१८ मध्ये खेडा भागात सैन्यभरतीचा प्रचार करताना गांधीजींनी संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. आणि जानेवारी १९३० मध्ये त्यांनी मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने मिळावेत ही मागणी होती. अहिंसेचे तत्त्व आणि शस्त्र बाळगण्याचा अधिकार यांत त्यांना विसंगती वाटली नाही. ज्याच्या हाती शस्त्र असूच शकत नाही, त्याच्या शस्त्र न उचलण्याला नैतिक मूल्य ते कोणते, असा तो विचार दिसतो. वर्ध्यात गांधीविचार शिकविताना हा भाग अनेकदा वगळला जातो.

मार्सेय येथील अदलाबदल

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदी सैन्य फ्रान्समध्ये पाठविण्यात आले. सप्टेंबरच्या अखेरीपासून ते मार्सेय बंदरात उतरू लागले. त्यांच्याजवळच्या रायफली जुन्या नमुन्याच्या होत्या आणि फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याचा काडतुसांचा पुरवठा नव्या नमुन्यासाठी होता. म्हणून तेथेच रायफली बदलून देण्यात आल्या. वर्षानुवर्षे हाताळलेली, स्वभाव ठाऊक असलेली रायफल जमा करून अनोळखी रायफल घ्यावयाची आणि थेट खंदकाकडे जावयाचे, असा तो प्रकार होता. याच दलात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या व त्यांत मराठी जवान होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल येथील हल्ल्यात त्यांची जबर हानी झाली. त्या हानीला मशीनगन, तोफा, अपुरी कुमक अशी अनेक कारणे होती. सर्व भार रायफलीच्या बदलावर टाकणे योग्य होणार नाही. परंतु शस्त्र ‘दिले’ एवढ्याने ते वापरणाऱ्याचे होत नाही, हे सांगण्यासाठी मार्सेयपेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

योगायोग असा की खडकी हे काडतुसांचेही गाव आहे. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. स्वातंत्र्योत्तर काळात १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे दुसरा कारखाना उभा राहिला. काडतुसे महाराष्ट्रात तयार होत, विदर्भात साठविली जात. सामान्य मराठी तरुणाला मात्र ती दिसत नसत.

मावळंकर ते कुसाळे

१९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते. बडोद्यात जन्मलेला, अहमदाबादेत वकिली केलेला, मूळच्या रत्नागिरीकडील घराण्यातला हा मराठी गृहस्थ लोकसभेचा पहिला सभापती म्हणून आपल्याला माहीत असतो. सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या नेत्याने स्वतंत्र देशात नेमबाजीच्या प्रसारासाठी संस्था उभारावी, यात वर उल्लेखिलेल्या गांधीजींच्या मागणीचेच सूत्र पुढे गेलेले दिसते. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला. तरी खेळाची रायफल आणि विशेषतः आयात काडतुसे ही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच राहिली.

महाविद्यालयांना हा खेळ मिळाला तो राष्ट्रीय छात्रसेनेमुळे. अंजली भागवत यांची सुरुवात छात्रसेनेतूनच झाली. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राथमिक फेरीत ६०० पैकी ५९० गुण मिळवून ते सातव्या स्थानी होते.

पन्नास मीटर म्हणजे लांब पल्ला नव्हे, ही हरकत रास्त आहे. परंतु येथे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते व गोळी ५.६ मिलिमीटरची. या रायफलीची गोळी शिशाची असल्याने तांब्याचा प्रश्न नाही; रुळविण्याचे स्वरूप बदलते, तत्त्व तेच राहते. एकाच कारखान्याच्या एकाच नावाच्या काडतुसांतही प्रत्येक उत्पादन-गट थोडा निराळा असतो. म्हणून अव्वल नेमबाज आपली नळी घट्ट बसवून निरनिराळ्या गटांची काडतुसे झाडून पाहतात आणि जो गट सर्वांत लहान छिद्रसमूह देतो त्याचाच साठा घेतात. अचूकता ही नळी आणि काडतूस यांची सोयरीक आहे, आणि ती जुळवण्यासाठी आधी पुष्कळ काडतुसे खर्ची घालावी लागतात. कुसाळे २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले, पुढे मध्य रेल्वेत नोकरीस लागले. हा आधार नसता तर शिक्षकाच्या घरातील मुलाला ती काडतुसे कोठून मिळाली असती?

सैन्यातही हाच हिशेब आहे. दीर्घकाळ वापरात असलेल्या ड्रॅगुनोव्हच्या जोडीला २०१९ च्या सुमारास बेरेट्टा व बॅरेट कंपन्यांच्या आणि त्यानंतर फिनलंडची साको टीआरजी-४२ अशा लांब पल्ल्याच्या रायफली आल्या. अशा प्रत्येक रायफलीसोबत जुळणाऱ्या काडतुसांचा पुरवठा व जवानाची नोंदवही नसेल, तर मार्सेयची पुनरावृत्ती होण्यास वेळ लागणार नाही.

आपल्या भागातील छात्रसैनिकांसोबत प्रस्तुत लेखक काही वेळा चांदमारीवर गेला आहे. पॉइंट २२ च्या रायफली ओळीने मांडलेल्या असतात, प्रत्येकाच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी काडतुसे येतात, आणि पुढच्या वेळी हातात निराळीच रायफल असते. पुलथ्रू आणि चिंदी घेऊन नळ्या पुसण्यात गोळीबारापेक्षा अधिक वेळ जातो. शेतकरी कुटुंबातील एका विद्यार्थिनीच्या पाचही गोळ्या एकदा डावीकडे खाली, पण एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा पडल्या. नेम चुकला म्हणून इतर हसले. तिने मात्र दस्त्यावरचा क्रमांक तळहातावर लिहून घेतला. त्यानंतर ज्या ज्या वेळी चांदमारी झाली, त्या त्या वेळी ती हवालदारांकडे तोच क्रमांक मागत असे.