जोडी, संसार आणि पैरा

१९९२ साली विंबल्डनच्या मुलांच्या दुहेरीत एक भारतीय जोडी अंतिम फेरीपर्यंत गेली आणि तिसऱ्या सेटमध्ये ९-७ अशी हरली. एक पुण्याचा नितीन कीर्तने, दुसरा महेश भूपती. पुढे भूपतीचे नाव लिअँडर पेसशी असे काही जोडले गेले की हिरवळीवरचा हा त्याचा जुना सोबती आज मराठी वाचकालाही चटकन आठवत नाही.

पेस-भूपतींनी १९९९ साली चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या गाठल्या. पॅरिस आणि विंबल्डन जिंकले. मग ते फुटले, पुन्हा जुळले, २००१ साली पॅरिस पुन्हा जिंकले, पुन्हा दुरावले. २००२ साली बुसानला आणि २००६ साली दोह्याला मात्र आशियाई सुवर्णपदके त्यांनी एकत्रच मिळवली. आपल्याकडे या साऱ्याची चर्चा झाली ती विवाहाच्या भाषेत: काडीमोड, मनोमीलन, नवा संसार. साहित्याच्या अभ्यासकाने इथे थबकायला हवे. रूपक स्वीकारले की त्याच्या पोटातला निवाडाही स्वीकारावा लागतो. संसार मोडला म्हटले की दोष कोणाचा, हा प्रश्न ओघानेच येतो.

वास्तविक गवताचा हंगाम मुळातच तुटपुंजा. पॅरिसची मातीवरची स्पर्धा संपल्यावर विंबल्डनपूर्वी २०१४ पर्यंत दोनच आठवडे मिळत, २०१५ पासून तीन. गवतावर चेंडू कमी उसळतो, सरपटत येतो. सर्व्हिसला आणि जाळ्यालगतच्या खेळाला मोल चढते. मातीवर तळरेषेवरून झुंजणारा भिडू इथे कामाला येईलच असे नाही. त्यातून दुहेरीतला प्रवेश दोघांच्या क्रमवारीची बेरीज पाहून ठरतो. त्यामुळे कोणी कोणाबरोबर नाव द्यायचे, हा स्नेहाइतकाच हिशेबाचा प्रश्न असतो.

आमच्या म्हसवडात ‘जोडी’ म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक सिद्धनाथ-जोगेश्वरीची, ते लग्न दरवर्षी लागते आणि कधी मोडत नाही. दुसरी खिलारी बैलांची. माणदेशासारख्या अवर्षणाच्या मुलखात, ट्रॅक्टर येण्याआधी, एका बैलावर निभावणारे शेतकरी पुष्कळ होते. पेरणीच्या तोंडावर असे दोघे पैरा करीत. एक बैल तुझा, एक माझा; आज तुझे रान, उद्या माझे. कोणता बैल उजवीकडे चालतो आणि कोणता डावीकडे, एवढे मात्र आधी पाहिले जाई. (दुहेरीतही कोण कोणत्या बाजूने सर्व्हिस घेणार, हे असेच पाहतात.) पेरणी उरकली, पैरा फिटला की बैल आपापल्या दावणीला. अमक्याने तमक्याला टाकले, असे कोणी म्हणत नसे.

हिरवळीवरील दुहेरीला हा शब्द अधिक शोभतो, असे आम्हांस वाटते. पेसने विंबल्डनची मिश्र दुहेरी चार वेळा जिंकली आणि चारही वेळा सोबतीण वेगळी होती: १९९९ साली लिसा रेमंड, २००३ साली मार्टिना नवरातिलोवा, २०१० साली कारा ब्लॅक, २०१५ साली मार्टिना हिंगिस. त्यातही २०१०च्या अंतिम सामन्यात जाळ्यापलीकडे उभी होती ती लिसा रेमंडच! भूपतीने हेच विजेतेपद २००२ आणि २००५ साली मिळवले, तेही दोन निराळ्या सोबतिणींबरोबर. आणि २०११ साली रोहन बोपण्णाने हॅले येथे गवतावरची स्पर्धा जिंकली ती पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीच्या जोडीने.

पाकिस्तानी खेळाडूबरोबर सहज खेळणाऱ्या बोपण्णाला पुढच्याच वर्षी पेसबरोबर खेळायचे नव्हते. लंडनचे ऑलिंपिक टेनिस विंबल्डनच्याच गवतावर व्हायचे होते. अखिल भारतीय टेनिस संघटनेने प्रथम पेस-भूपती ही जुनी जोडी मुक्रर केली. भूपतीने नकार दिला, कारण त्या वर्षी तो बोपण्णाबरोबर खेळत होता. मग बोपण्णानेही पेसला नकार दिला. पेसनेही त्याच वर्षी राडेक स्टेपानेकबरोबर ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली होती, हे त्या गदारोळात सोयीस्करपणे विसरले गेले. देशासाठी एवढेही करवत नाही का, हा त्या दिवसांतला सूर संसार टिकवण्याचा उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांचा होता. अखेर विंबल्डन तोंडावर आले असताना दोन जोड्या जाहीर झाल्या. पेसला विष्णू वर्धन हा तरुण खेळाडू आणि मिश्र दुहेरीत सानिया मिर्झा मिळाली. पेसची समजूत काढण्यासाठी आपला आमिषासारखा वापर झाला, असे सानियाने जाहीर पत्रात लिहिले. पैऱ्यात बैलाला कोणी विचारीत नाही हे खरे. पण इथे ज्यांना जुंपायचे ती माणसे होती.

लंडनमध्ये दोन्ही पुरुष जोड्या दुसऱ्या फेरीत हरल्या. सप्टेंबरात संघटनेने भूपती आणि बोपण्णा यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. बंगळूरच्या उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये पेस आणि बोपण्णा एकत्र उतरले ते पहिल्याच फेरीत हरले.