बाक, हजेरी आणि संसर्ग

जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी जे. पी. नगर ही वसाहत दक्षिण बंगळुरूत सारक्की, पुट्टेनहळ्ळी अशा जुन्या गावांच्या शिवारावर टप्प्याटप्प्याने उभी राहिली. मात्र शहराने दाट पेठा सोडून मोकळ्या जागेकडे सरकावे, या विचाराला निकड आली ती ऑगस्ट 1898 मध्ये बंगळुरूत पोहोचलेल्या प्लेगमुळे, आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम् या विस्तारांची वाढ त्याच साथीशी जोडलेली आहे. त्या काळी ‘संपर्क’ मोजण्याचे एकक घर हे होते. रुग्ण सापडला की त्याच्या घरच्यांना छावणीत हलवायचे, घर धुऊन काढायचे, ही पद्धत 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली पुण्याने पुरेशी कडवटपणे अनुभवली होती. गाठीचा प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने 1898 मध्ये मांडले; मुंबईतील प्लेग संशोधकांनी ते 1905 नंतर प्रयोगांनी पक्के केले. म्हणजे माणसांच्या याद्या कितीही काटेकोर केल्या, तरी संसर्गाचा मुख्य दुवा त्या यादीत नव्हताच. कोण कोणाजवळ होते याची नोंद किती उपयोगी ठरते, हे रोग कसा पसरतो याविषयीच्या समजुतीवर अवलंबून असते, आणि शाळेतील बैठकीच्या नोंदींचा इतिहास वाचताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

बैठकीची नोंद, म्हणजे कोणता विद्यार्थी कोणत्या ओळीत, कोणत्या बाकावर आणि कोणाच्या शेजारी बसतो याचा आराखडा, शाळांनी मुळात शिस्तीसाठी ठेवली. हजेरीपट मूल शाळेत आले होते एवढेच सांगतो. आराखडा ते कोठे होते हे सांगतो. परंतु वर्गातील जागा कधीच निव्वळ योगायोगाने ठरत नाही. उंची, गुण, शिक्षकांची मर्जी आणि समाजातील स्थान यांवर ती ठरत आली आहे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तेथेही अंतर मोजले जात होते, पण ते विटाळाच्या हिशेबाने. म्हणून पुढच्या ओळीतील मुले अधिक आजारी पडली असे आराखड्यावरून दिसले, तरी त्या ओळीत कोणाला आणि का बसवले होते, हा प्रश्न अभ्यासकाने आधी विचारायला हवा.

विसाव्या शतकात या नोंदींना वैद्यकीय अर्थ मिळू लागला तो हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या अभ्यासामुळे. विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने फिलाडेल्फिया परिसरातील शाळांत काही वर्गांच्या वरच्या भागात जंतुनाशक अतिनील दिवे बसवले, आणि 1941 च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांत रुग्ण कमी आढळले. पुढे न्यूयॉर्क राज्यातील ग्रामीण शाळांत हाच प्रयोग केला असता तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही, आणि त्याचे एक कारण असे दिले गेले की ती मुले एकाच शाळेच्या बसमधून येत-जात होती. बसमधील जागांचा आराखडा सहसा कोणाकडे नसतो. जे. पी. नगरसारख्या वसाहतीत, जेथे मुले शाळेच्या बसमध्ये किंवा व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसून प्रवास करतात, हा जुना धडा आजही लागू पडतो.

त्याहून बोलका दाखला 1974 मधील न्यूयॉर्क राज्यातील एका प्राथमिक शाळेचा आहे. दुसरीतील एका गोवरग्रस्त मुलीपासून 28 मुलांना लागण झाली, आणि ही मुले 14 वेगवेगळ्या वर्गांत विखुरलेली होती. शाळेतील बहुतेक सर्व मुलांचे लसीकरण झालेले होते. वापरलेली हवा पुन्हा खोल्यांत फिरवणारी वायुवीजन यंत्रणा हा येथील दुवा होता, त्यामुळे शेजारच्या बाकांची यादी तपासणाऱ्याला बहुतेक रुग्ण सापडलेच नसते. रायली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये या साथीचे गणिती विश्लेषण केले. त्यात वापरलेले, बंदिस्त जागेतील संसर्गाची शक्यता मांडणारे सूत्र आज वेल्स-रायली समीकरण म्हणून ओळखले जाते.

याच्या उलट उदाहरण मे 2021 मधील, कोविडच्या साथीतील, कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यातील एका शाळेचे आहे. लस न घेतलेली, लक्षणे दिसू लागलेली एक शिक्षिका दोन दिवस वर्गात आली आणि मुलांना वाचून दाखवताना तिने अधूनमधून मुखपट्टी काढली. नंतर बैठकीच्या आराखड्यावर रुग्ण मांडले असता पहिल्या दोन ओळींतील 10 पैकी 8, तर मागच्या तीन ओळींतील 14 पैकी 4 मुले बाधित निघाली. बाकांत सहा फुटांचे अंतर होते, दारे-खिडक्या उघड्या होत्या. येथे आराखडा खरोखर बोलतो. तरीही त्याच शाळेतील दुसऱ्या एका वर्गातही रुग्ण आढळले आणि ते या आराखड्याबाहेरच राहतात.

बंगळुरूपुरता सर्वांत काटेकोर बैठक-दप्तराचा प्रसंग म्हणजे 2020 ची दहावीची परीक्षा. महाराष्ट्राने उरलेला भूगोलाचा पेपर रद्द केला, तर कर्नाटकाने 25 जूनपासून सुमारे साडेआठ लाख विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. परीक्षेत प्रत्येक उमेदवाराचे केंद्र, खोली आणि जागा लेखी ठरलेली असते, त्यामुळे एखादा विद्यार्थी बाधित निघाल्यास त्याच्या खोलीतील इतरांची नावे लगेच हाती येतात. परीक्षेनंतर राज्यात 30 हून अधिक विद्यार्थी बाधित असल्याचे जाहीर झाले. मात्र एवढ्यावरून त्यांना लागण खोलीत झाली की घरी, हे कळू शकत नाही. शिवाय परीक्षेत मुले एकाच दिशेला तोंड करून गप्प बसतात, आणि रोजच्या वर्गात मात्र बडबड, खेळ व डबा यांत जागा सतत बदलतात, त्यामुळे नोंद पक्की असते तेथे संपर्क कमी आणि संपर्क भरपूर असतो तेथे नोंद सैल, असा हा विरोधाभास आहे. त्याच वर्षी भारतीय विज्ञान संस्था आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी बंगळुरू आणि मुंबईतील साथीच्या प्रसाराचे जे संगणकीय प्रारूप बनवले, त्यात प्रत्येक काल्पनिक मुलाला घर, शाळा आणि वर्ग नेमून दिला होता. बाकापर्यंत जाण्याची गरज त्या प्रारूपाला पडली नाही.