देवडीवरचा पहारेकरी : नको असलेली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचा इतिहास

या मालिकेच्या श्रोत्यांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. संगणकात विंडोजच्या जोडीला कधीतरी लिनक्स घातलं होतं, आता ते नको आहे. त्याचा भाग पुसून टाकला तर चालेल का? लिनक्स जाईल हे नक्की, पण जुन्या पद्धतीच्या संगणकावर त्याच्यापाठोपाठ विंडोजही उघडेनासं होईल. मुलाचा प्रबंध, दुकानाचे हिशेब, लग्नाचे फोटो, सगळं जागच्या जागी असतं आणि तरी हाताला लागत नाही. हे असं का होतं याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. आमची पदवी तत्त्वज्ञानातली, हे खरं. पण 'नाहीसं करणं म्हणजे नेमकं काय', हा प्रश्न आमच्याही घरचाच.

सुरुवात १९८३ सालापासून करू. त्या वर्षी आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. तेव्हा फ्लॉपीवर काम चालायचं, त्या मानाने ही जागा म्हणजे चौसोपी वाडाच. एवढ्या जागेत एकापेक्षा जास्त ऑपरेटिंग सिस्टिम राहतील, असं करणाऱ्यांना तेव्हाच वाटलं होतं, कारण डॉस होती, सीपीएम होती, झेनिक्स होती. म्हणून डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर डिस्कचे विभाग पाडायची सोय आली आणि त्या विभागांची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात ठेवली गेली. हा तुकडा ५१२ बाइटचा, त्याचं नाव मास्टर बूट रेकॉर्ड. त्यातले ४४६ बाइट एका छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या नोंदीसाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी. संगणक सुरू झाला की तो आधी हा तुकडा वाचतो, त्यातला छोटा प्रोग्रॅम चालवतो, आणि पुढे कुणाकडे जायचं हे तो प्रोग्रॅम ठरवतो.

आता पुण्यातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. आत चार बिऱ्हाडं आणि दाराशी देवडी. देवडीवर पहारेकरी एकच. चार बिऱ्हाडांची सोय १९८३ साली केली, पण पहारेकरी एकाचाच राहिला. पुढची सगळी भांडणं इथून सुरू होतात. कुणाचाही पहारेकरी बसला की तो आधीच्याला उठवूनच बसतो, कारण जागाच एक. विंडोज घालताना तो आपला पहारेकरी न विचारता बसवायचा. 'आधी विंडोज घाला, मग लिनक्स' हा जाणकारांचा सल्ला त्यातूनच आला, त्यात दुसरं काही शास्त्र नाही.

१९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स सुरू केलं आणि घरोघरच्या पीसीवर खऱ्या अर्थाने दोन बिऱ्हाडं नांदायला लागली. त्यांचा पहिला प्रसिद्ध पहारेकरी म्हणजे वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला लिलो. हा मोठा गमतीदार. सुरू होताना आपल्या नावाची चार अक्षरं एकेक टप्पा पार पडेल तशी पडद्यावर उमटवायचा. दोनच अक्षरांवर अडला की जाणकाराला कळायचं, गाडी कुठे रुतली आहे. पण आमच्या मते त्याचा मोठा गुण वेगळाच. देवडीवर बसताना तो आधीच्याची एक प्रत जपून ठेवायचा. लिलो नको झाला की एक आज्ञा द्यायची, जुना पहारेकरी परत जागेवर. जाताना जागा होती तशी करून देणं, ही भाडेकरूची सभ्यता त्यात होती.

त्यानंतर ग्रब आला. १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी तो लिहायला घेतला. गुणांनी तो लिलोपेक्षा कितीतरी सरस. डिस्कवरच्या फाइली त्याला स्वतःला वाचता येतात. पण एवढा मोठा प्रोग्रॅम ४४६ बाइटमध्ये कसा मावणार? म्हणून त्याचा एक तुकडा पहिल्या सेक्टरमध्ये, दुसरा त्यामागच्या मोकळ्या फटीत आणि उरलेला सगळा संसार लिनक्सच्या विभागात. म्हणजे पहारेकरी देवडीवर, पण त्याची वही आतल्या खोलीत. आता विंडोजमध्ये बसून तुम्ही ती खोलीच पाडली. काम झालं असं वाटतं. विंडोज चालूच असतं, जागा मोकळी दिसते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की पहारेकरी वही शोधतो, खोली सापडत नाही, आणि काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढं लिहून तो स्वस्थ बसतो. विंडोजचं बिऱ्हाड शेजारीच धडधाकट आहे, पण तिथे नेणारं कुणी नाही.

इथे आम्हाला नैयायिक आठवतात, सवयच ती. भूतलावर घट नाही असं म्हणायला आधी घट ठाऊक असावा लागतो. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. विभाग पुसला गेल्याचं विंडोजला काहीच सोयरसुतक नाही. तो अभाव जाणवतो फक्त ग्रबला, कारण तोच त्याला शोधतो आहे. तेव्हा काढायचं असतं ते दोन ठिकाणचं. ज्याला हवं होतं ते, आणि ज्याच्यात ती अपेक्षा उरली आहे ते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी देवडी, मग खोली. डॉसच्या काळात 'एफडिस्क'ला एमबीआर हा शब्द जोडून दिला की पहारेकरी बदलायचा; एक्सपीच्या रिकव्हरी कन्सोलमध्ये 'फिक्स एमबीआर' होतं; व्हिस्टापासून विंडोजच्या डिस्कवरून 'बूटरेक' चालवतात. विंडोज आपोआप उघडतंय याची खात्री झाल्यावरच लिनक्सचे विभाग पुसावेत. आणि हो, मोकळी झालेली जागा विंडोजच्या विभागाला लागून उजवीकडे असेल तरच विंडोजचं स्वतःचं साधन ती त्यात मिळवून घेतं. मध्ये दुसरा विभाग आला तर नाही. त्या सगळ्याआधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

आता 'नको असलेली' हा शब्द. कुणाला नको? १९९८ च्या सुमारास जपानमध्ये हिताचीने फ्लोरा प्रियस नावाचा संगणक विकायला काढला. त्यात विंडोजबरोबर बीओएस ही दुसरी सिस्टिम भरलेली होती, पण सुरू होताना ती निवडायची सोयच दिसत नव्हती. गिऱ्हाइकाला बी कंपनीच्या सूचना मिळवून स्वतः खटपट करावी लागे. संगणक बनवणाऱ्यांशी मायक्रोसॉफ्टचे जे परवान्याचे करार आहेत त्यांमुळे हे घडतं, असा बी कंपनीचा आरोप होता. २००२ मध्ये तिने दावा लावला, २००३ मध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर दिले, चूक मात्र मान्य केली नाही. तोवर बी कंपनीची मालमत्ता पामला विकून झाली होती. सिस्टिम डिस्कवर होती, पैसे देऊन घेतलेली होती, आणि तरीही नसल्यातच जमा. देवडी कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न किती जड असू शकतो हे यावरून दिसतं.

नव्या संगणकांत ही एकाच जागेची अडचण गेली. इंटेलने आधी ईएफआय काढलं, २००५ पासून ते युईएफआय या नावाने अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे आलं. त्याबरोबर विभागांची नवी नोंदवही आली, जीपीटी. आजकाल गाजणारं ते जीपीटी नव्हे. तिच्यात चारच्या जागी साधारणपणे १२८ नोंदी. आणि एक छोटा स्वतंत्र विभाग, ज्यात प्रत्येक सिस्टिमच्या पहारेकऱ्याची वेगळी फाइल, वेगळ्या फोल्डरमध्ये. कुणी कुणाला उठवायचं कारण उरलं नाही. इथे लिनक्स काढायचं तर बोर्डाच्या सेटिंगमध्ये विंडोजला पहिला क्रमांक द्यायचा, लिनक्सचा विभाग पुसायचा, मग त्या छोट्या विभागातलं फक्त लिनक्सचं फोल्डर काढायचं. फक्त तेवढंच, बरं का. विभाग छोटा आहे, निरुपयोगी दिसतो, म्हणून अख्खा पुसणारेही असतात. त्यात विंडोजचा पहारेकरीही जातो. बिटलॉकर चालू असेल तर सेटिंगला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण सुरू व्हायच्या रीतीत बदल दिसला की तो ती मागू शकतो.

एवढं सगळं केल्यावरही सुरुवातीच्या यादीत लिनक्सचं नाव कधी कधी दिसत राहतं. ती नोंद डिस्कवर नसते, बोर्डावरच्या चिपमध्ये असते. काही संगणक ती आपणहून गाळतात, काहींत ती हाताने काढावी लागते. नाही काढली तरी काम अडत नाही. प्रश्न असतील तर आता घेऊ.