पावती असलेली देणगी : बॅरिस्टर अंतुले आणि सिमेंटचा हिशेब

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. नागझिऱ्याच्या जंगलाकडे वळणाऱ्या रस्त्यावर आमची नेहमीची चहाची टपरी आहे. तिथं मोबाइलवर बातमी वाचता वाचता एकजण म्हणाला, "गुरुजी, ट्रम्प सुटला. दंड माफ झाला." दुसऱ्यानं लगेच निष्कर्ष काढला, "म्हणजे काही केलंच नव्हतं."

बातमी खरी होती, निष्कर्ष चुकीचा होता. न्यूयॉर्कच्या न्यायमूर्ती एन्गोरॉन यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ३५ कोटी ५० लाख डॉलर भरायला सांगितलं होतं. बँकांना दिलेल्या विवरणपत्रांत मालमत्तेची किंमत फुगवून दाखवली, हा ठपका होता. खटला दिवाणी होता, त्यात तुरुंगाचा प्रश्न नव्हता. ट्रम्प यांच्या बाजूचं म्हणणं असं की बँकांचे पैसे परत मिळाले, कुणाचं नुकसान झालं नाही, मग दंड कसला? व्याज धरून रक्कम पन्नास कोटी डॉलरच्या वर गेली होती. २१ ऑगस्ट २०२५ ला अपील न्यायालयानं ही रक्कम अवाजवी ठरवून रद्द केली. मात्र फसवणुकीचा ठपका पुसला नाही. दंड गेला, ठपका राहिला.

टपरीवरून निघताना मला बॅरिस्टर अंतुले आठवले. आपल्या समाजात त्यांच्याविषयीही गेली चाळीस वर्षं असंच अर्धं वाक्य बोललं जातं. कुणी म्हणतं, "सिमेंट खाल्लं." कुणी म्हणतं, "मुसलमान होते म्हणून पाडलं." पूर्ण वाक्य सहसा कुणी बोलत नाही.

अब्दुल रहमान अंतुले १९२९ साली कोकणातल्या आंबेत गावी जन्मले. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आले. ९ जून १९८० रोजी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. या राज्याला मिळालेले ते आजवरचे एकमेव मुस्लीम मुख्यमंत्री. खुर्चीवर दीड वर्षाहून थोडे अधिक राहिले, पण कामाचा धडाका मोठा होता. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळातली. आज आमच्या भागातल्या ज्या विधवा, ज्या म्हाताऱ्या तहसील कचेरीत निराधारच्या पैशांची चौकशी करायला येतात, त्यांना ही योजना कुणी आणली हे माहीत नसतं. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ ला त्यांनी केले. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं तेही त्यांच्याच कारकिर्दीत. शिवरायांच्या राजधानीचं नाव जिल्ह्याला मिळालं तेव्हा मुख्यमंत्री एक कोकणी मुसलमान होता, हे आपल्या मुलांना सांगायला हवं. ते मी वर्गात सांगतो.

आता दुसरी बाजू. त्या काळात सिमेंट आजच्यासारखं दुकानात जाऊन आणण्याची वस्तू नव्हती. किंमत आणि वाटप, दोन्हींवर सरकारचं नियंत्रण होतं. परवाना मिळाला तर सरकारी भावानं, नाहीतर काळ्या बाजारात चढ्या भावानं. मुंबईत इमारत उभी करणाऱ्या बिल्डरच्या दृष्टीनं सिमेंटचा कोटा म्हणजे रोख रक्कमच. आणि तो देणं न देणं सरकारच्या हातात होतं.

याच सुमाराला अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा न्यास काढला. उद्देश चांगला होता: साहित्यिक, कलावंत यांना मदत. न्यासाकडे कोट्यवधी रुपये जमले. देणारे कोण? बिल्डर आणि साखर कारखाने. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि देणग्यांचा विषय देशभर गाजला. संसदेत गदारोळ झाला. इकडे समाजवादी नेते प. बा. सामंत आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज केला.

तो न्या. लेंटिन यांच्यापुढे चालला. १२ जानेवारी १९८२ ला निकाल लागला. सिमेंटचं वाटप आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. अंतुले यांनी राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा फौजदारी खटला नव्हता. रिट अर्जावर न्यायालय सत्तेचा वापर योग्य झाला की नाही ते तपासतं. तुरुंगात पाठवत नाही. फौजदारी बाजू वेगळी चालली आणि तिचा प्रवास फार वेडावाकडा झाला. भाजपचे रामदास नायक यांनी फिर्याद केली. १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी अंतुले यांना मुक्त केलं, कारण आमदारावर खटला भरायला योग्य ती मंजुरी नव्हती. १६ फेब्रुवारी १९८४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आमदार हा त्या अर्थानं लोकसेवक नाही, मंजुरी लागत नाही. आणि खटला थेट उच्च न्यायालयाकडे दिला. १९८६ मध्ये वगळलेले आरोपही ठेवा, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. मग २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठानं पाच विरुद्ध दोन अशा बहुमतानं आपल्याच न्यायालयाचा १९८४ चा आदेश चुकीचा ठरवला. कारण साधं होतं: इतर आरोपींना जी पायरी मिळते, अपिलाची जी संधी मिळते, ती एका माणसाकडून काढून घेता येत नाही. न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकारावर पडता कामा नये.

हा निकाल आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. जलद खटल्याचा हक्क कसा मोजावा हे सांगणारा १९९१ चा निकालही अंतुले यांच्याच नावानं ओळखला जातो. स्वतःच्या संकटातून का होईना, या माणसामुळे देशातल्या लाखो सामान्य आरोपींना उपयोगी पडणारा कायदा स्पष्ट झाला. पुढं १९९५ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचं निधन झालं.

"मुसलमान होते म्हणून पाडलं" या वाक्याचं काय करायचं? त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काय होतं ते अल्लाहच जाणे. पण चारच वर्षांनी, १९८६ मध्ये, मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर शिवाजीराव पाटील निलंगेकरांचीही खुर्ची गेली. २०१० मध्ये आदर्श प्रकरणात अशोक चव्हाण यांना जावं लागलं. ही यादी पाहिल्यावर धर्माचं कारण पुरं पडत नाही. आपला एकुलता एक मुख्यमंत्री गेला याचं दुःख खरं आहे, पण दुःख म्हणजे पुरावा नव्हे.

माझे मरहूम अब्बा अंतुले यांचे भक्त होते. त्यांचा ठरलेला सवाल असे: "पैसे घरी नेले का? कलाकारांसाठीच होते ना? चेकनं घेतले, पावती दिली. मग?" मला बरीच वर्षं याचं उत्तर देता आलं नाही.

उत्तर सापडलं ते बी.एड. झाल्यावर. एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. मुलाखत उत्तम झाली. नंतर बाजूला बोलावून सांगण्यात आलं की इमारत निधीला देणगी द्यावी लागेल. रक्कम माझ्या ऐपतीबाहेरची होती. "पावती मिळेल," असंही आवर्जून सांगितलं. इमारत मुलांसाठीच होणार होती, पैसे कुणाच्या खिशात जाणार नव्हते. घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते एकदम उसळले, "ही देणगी नाही. तुला नोकरी नको असती तर तू दिले असतेस का?"

मी म्हणालो, "अब्बा, बिल्डरला सिमेंट नको असतं तर त्यानं दिले असते का?"

अब्बा गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "इब्नुल लुतबिय्याची हदीस आहे ही."

ती बुखारी आणि मुस्लीम दोन्हींत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या माणसाला जकात गोळा करायला पाठवलं होतं. परत येऊन तो म्हणाला, हे तुमचं, आणि हे मला भेट मिळालेलं. प्रेषितांनी मिंबरवरून लोकांना विचारलं, हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? खिशात किती गेले, पावती होती का, हेतू काय होता, यातलं काहीच विचारलं नाही. खुर्ची नसती तर हे आलं असतं का, एवढंच विचारलं.

फरक आहे, हे मान्य. इब्नुल लुतबिय्यानं भेट स्वतःसाठी ठेवली होती. अंतुले यांचा न्यास सार्वजनिक होता. म्हणून दोघांना एकाच पंक्तीला बसवणं अन्यायाचं होईल. पण देणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर सवाल तोच राहतो. ज्याचं काम आपल्या सहीवर अडलं आहे, त्याची देणगी खुशीची कशी मानायची?

शिक्षा किती आणि कोणत्या न्यायालयात, हा कायद्याचा प्रश्न. त्यात आरोपीला प्रत्येक हक्क मिळालाच पाहिजे. १९८८ चा निकाल म्हणूनच बरोबर वाटतो. योग्य काय होतं हा प्रश्न त्याहून वेगळा. दंड माफ झाला, खटला रखडला म्हणून तो निकाली निघत नाही. न्यूयॉर्कमध्ये नाही आणि मुंबईतही नाही.

मी त्या संस्थेत गेलो नाही. नोकरी दोन वर्षं उशिरा, दुसरीकडे लागली. आज आपल्याच मशिदींच्या, मदरशांच्या, शाळांच्या समित्यांवर आपलीच माणसं बसतात, पावती पुस्तकं आपल्याच हातात असतात. पावती फाडताना समोरच्याचं काही काम आपल्याकडे अडलं आहे का, एवढं पाहावं. अडलं असेल तर आधी काम करून द्यावं आणि पावती पुस्तक त्या दिवशी मिटून ठेवावं.