दिवेलागणीचे काजळ

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव येते ते ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चामुळे. तहसील कचेरीवर निघालेल्या त्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. या परिसरात मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या दिवसाविषयी लिहिण्याची सवय आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या मानाने किरकोळ वाटावा असा, म्हणजे डोळ्यांतले काजळ, हा आहे. तरीही लेखाच्या शेवटी आम्हाला पुन्हा त्या मोर्चापाशी यावे लागणार आहे.

निमित्त घडले ते स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी. रंगमंचामागच्या वर्गात मुली एकमेकींचे डोळे रंगवीत होत्या. त्यांच्या भाषेत याला ‘स्मोकी आईज’ म्हणतात. पापणीच्या मुळाशी काळी पेन्सिल फिरवायची, ती ओली असतानाच लहानशा ब्रशने किंवा बोटाच्या टोकाने पसरायची, वर मातकट तपकिरी रंगाची भुकटी लावायची आणि भुवईकडे जाता जाता तो रंग असा विरवायचा की कोठे संपला ते कळू नये. खालच्या पापणीला तोच रंग, पण बाहेरच्या अर्ध्या भागापुरता. एका विद्यार्थिनीची आई त्यांच्यासमोर आरसा धरून बसली होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हते. एका मुलीने सहज विचारले, “काकू, तुम्हालाही लावू?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आता आमाला गं कशाला?”

वाक्य साधे होते. पण त्यातला ‘आता’ आमच्या मनातून जाईना. काजळाचा जो इतिहास आम्ही पुढे मांडत आहोत, तो त्या एका शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम वस्तूविषयी. ‘स्मोकी’ हा शब्द परका असला तरी धुराचे आणि डोळ्याचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. काजळ म्हणजे संस्कृतातले कज्जल, म्हणजेच दिव्याची काजळी. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचे ताम्हन उपडे घालायचे, रात्रभरात धरलेली काजळी सकाळी खरवडायची आणि लोण्यात किंवा तुपात खलून डबीत भरायची. कोणी त्यात चिमूटभर भीमसेनी कापूर घालीत. सुरमा ही वेगळी वस्तू. तो खनिजाचा, आणि त्यात अनेकदा शिसे असते. म्हणूनच आज डॉक्टर तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत काजळ-सुरमा घालू नका असे बजावतात. काजळी अतिशय सूक्ष्म असते आणि तूप डोळ्याच्या उबेने पातळ होते, त्यामुळे घरचे काजळ तासाभरात पसरतेच. पसरलेले काजळ पुसून पुन्हा रेघ नीट करणे हा आपल्या आज्यांचा नित्यक्रम होता. आजची मुलगी ते पसरणेच प्रयत्नपूर्वक साधते. आजीने जो दोष मानला तो नातीने गुण मानला, एवढा फरक या दोन डोळ्यांत आहे.

काजळाहून व्यापक शब्द अंजन. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सौवीरांजन रोज लावावे आणि डोळ्यांतला स्राव काढण्यासाठी रसांजन पाच किंवा आठ रात्रींनी वापरावे, असे सांगितले आहे. तीक्ष्ण अंजन दिवसा घालू नये, कारण स्रावाने दुबळी झालेली दृष्टी सूर्याच्या तेजाने खचते, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे डोळे रंगवण्याची वेळ संध्याकाळनंतरची, हा संकेत सौंदर्यशास्त्राच्या आधी वैद्यकाने घालून दिला होता. मराठी काव्याने अंजनाचा याहून निराळा उपयोग केला. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, डोळ्यांत अंजन पडल्यावर भूमीतले गुप्तधन दिसू लागते, असा दृष्टान्त आहे. ‘डोळ्यांत अंजन घालणे’ हा आपला वाक्प्रचारही पाहण्याविषयीचा आहे, दिसण्याविषयीचा नाही. अंजन पाहणाऱ्यासाठी आणि काजळ पाहिले जाणाऱ्यासाठी, अशी ही विभागणी भाषेत मुरली आहे. गुरूने शिष्याला घालावे ते अंजन, आणि बाईने स्वतःला लावावे ते काजळ.

परंतु कोणत्या बाईने? येथे आपल्याला बरेच मागे जावे लागते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अठरावे सूक्त अंत्यसंस्काराचे आहे. त्याच्या सातव्या ऋचेत अविधवा, सुपत्नी स्त्रिया अंजन आणि घृत लेऊन पुढे येतात. काजळी आणि तूप ही आपल्या घरगुती काजळाची सामग्री अशी एका मृत्यूच्या प्रसंगी भेटावी, हे वाचताना आम्ही थबकलो. साहित्याच्या अभ्यासकांना ही ऋचा वेगळ्या कारणाने परिचित असते. तिच्यातला ‘अग्रे’ हा शब्द ‘अग्नेः’ असा वाचून सहगमनाला वेदाचा आधार शोधला गेला, आणि तो पाठ अशुद्ध असल्याचे एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी दाखवून दिले. मृत पतीशेजारी निजलेल्या स्त्रीला ऊठ आणि जिवंतांच्या जगात परत ये, असे तर पुढचीच ऋचा सांगते. एका अक्षराच्या फेरफारावर एवढा वाद झाला, तो योग्यच होता. मात्र त्या ऋचेतला दुसरा संबंध वादाच्या बाहेर राहिला. अंजन लेतात त्या ‘अविधवा’, हा तो संबंध. अग्नी गेला, अंजनाची अट उरली.

धर्मशास्त्रात ही अट कडक झाली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला तेल, अंजन, पादत्राण आणि छत्र वर्ज्य सांगितले आहे. तैत्तिरीय संहितेत रजस्वलेने अंजन घातल्यास संततीच्या डोळ्यात व्यंग येते, अशी भीती घातली आहे. विधवेलाही अंजन निषिद्ध. या तिघांत एक भेद आहे. ब्रह्मचाऱ्याचा निषेध समावर्तनाने संपतो, रजस्वलेचा काही दिवसांनी. विधवेचा निषेध तेवढा मरेपर्यंतचा. रंगमंचामागच्या वर्गात ऐकलेला ‘आता’ हा तोच, ज्याला शेवट नाही असा.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात विधवांचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा त्याचा एक धागा आमच्या तालुक्याशी जुळलेला होता. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, आणि ते याच खटाव तालुक्यात आहे. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले, १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी केशवपनाविरुद्ध भूमिका घेतली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. हे सारे लढे जीविताचे आणि देहाच्या विटंबनेचे होते. जेथे बाईचे डोके भादरले जात होते, तेथे डोळ्यातल्या काजळासाठी कोण भांडणार? सुधारकांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. पण मोठे अन्याय कायद्याने आणि चळवळीने हटतात आणि लहान अन्याय रीत म्हणून घरात राहून जातात, हे नोंदवले पाहिजे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरवण्याचे परिपत्रक काढले. १८५६ आणि २०२२ यांच्यात १६६ वर्षांचे अंतर आहे. या यादीतही काजळाचे नाव नाही. ते इतके लहान आहे की ते बंद होते, हेसुद्धा कोणाच्या लक्षात आले नाही.

सवाष्णीचे काजळ आणि विधवेचे नसलेले काजळ यांच्याखेरीज तिसरा एक डोळा आपल्या समाजात होता. तो फडावरचा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा किंवा औंधच्या यमाईची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात्रा आणि तमाशा यांचे नाते सांगायला नको. मशाली आणि टेंभे, मग गॅसबत्ती, मग विजेचे दिवे असा फडाचा उजेड बदलत गेला. राहुटीत पत्र्याच्या पेटीवर आरसा टेकवून डोळ्यांत जाड रेघ ओढण्याची रीत मात्र टिकली. या रेघेमागे कारण आहे. हलत्या, पिवळ्या उजेडात लांब बसलेल्या माणसाला डोळा दिसायचा असेल, तर त्याची कड ठळक हवी. सौम्य छटा चार हातांवरून दिसतात, चाळीस हातांवरून पुसल्या जातात. दुरून पाहणाऱ्यासाठी रेघ आणि जवळून पाहणाऱ्यासाठी धूर, असे याचे गणित मांडता येईल. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडातली पवळा ही हिवरगावची. तिच्या रूपाची कीर्ती महाराष्ट्रभर झाली. पण त्या रूपाचे अनुकरण कोणा घरंदाज स्त्रीने उघडपणे केले नसते. पवळाची जात आणि तिचा व्यवसाय या दोहोंची भिंत मध्ये होती.

अनुकरण झाले ते एका पुरुषाचे. बालगंधर्व (१८८८–१९६७) स्त्रीवेषात रंगभूमीवर येत तेव्हा त्यांची लुगडी, त्यांची केशरचना, त्यांचा गजरा प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांनी उचलला, हे मराठी नाट्येतिहासात पुष्कळदा सांगितले गेले आहे. ते कौतुकाने सांगितले जाते. आम्हाला त्यात एक अडचणीची गोष्टही दिसते. चारचौघांसमोर डोळे रंगवून उभी राहणारी खरी बाई अनुकरणाला अयोग्य होती आणि बाईचे सोंग घेतलेला पुरुष योग्य होता. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी पडद्यावर आल्या. त्याच सुमारास अमेरिकेत थेडा बारा हिच्यासारख्या मूकपटातल्या नट्या डोळ्यांभोवती काळे वर्तुळ फासून उभ्या राहत होत्या. आज ज्याला ‘स्मोकी’ म्हणतात त्याचे एक मूळ तेथे आहे. त्या काळच्या फिल्मवर निळे डोळे फिके उमटत, म्हणून डोळ्यांभोवती काळे उपयोगी पडे. पण त्या काळ्या डोळ्यांची बाई पटात बहुधा घरे मोडणारीच असे. हा समज काही केवळ आपला नव्हे.

सारांश असा की, आपल्याकडे काजळ कधीच नुसते काजळ नव्हते. बाळाच्या गालावर तीट म्हणून लागले की ते दृष्ट टाळण्यासाठी, सवाष्णीच्या डोळ्यात गेले की अहेवपणाची खूण, फडावर दिसले की आमंत्रण, आणि विधवेच्या डोळ्यात नसले की तिच्याकडे कोणी पाहू नये याची सूचना. दिवा एकच, काजळी एकच. कोणी कोणाकडे कसे पाहावे, हे मात्र त्या काजळीने ठरवून दिले होते.

ही व्यवस्था मोडली ती कोणा विचारवंताने नाही, तर बाजाराने. १९५२ मध्ये ‘लॅक्मे’ची स्थापना झाली. पुढे काजळ डबीतून कांडीत आणि कांडीतून पेन्सिलीत आले. मेण, तेल आणि काळे रंगद्रव्य यांची ती पेन्सिल आज वडूजच्या कोणत्याही जनरल स्टोअर्समध्ये मिळते, आणि घेणारी विवाहित आहे की नाही, हे दुकानदार विचारत नाही. बाजाराचे गुणगान करण्याचा आमचा स्वभाव नाही; त्याने बाईच्या चेहऱ्यावर नवी ओझी लादली आहेत, हेही आम्ही जाणतो. तरीही त्या संध्याकाळी मुलींच्या पापण्यांवर जो तपकिरी-काळा धूर आम्ही पाहिला, त्याविषयी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तो डोळा कोणाची पत्नी आहे, होती किंवा होणार आहे, हे सांगत नाही. आमच्या माहितीतल्या इतिहासात स्त्रीच्या डोळ्यांना ही मोकळीक प्रथमच मिळते आहे.

आता त्या मोर्चाकडे. हुतात्म्यांची नावे आपण कोरतो, वाचतो, मुलांकडून पाठ करून घेतो, आणि ते योग्यच आहे. पण ९ सप्टेंबरच्या त्या रात्री या परिसरातल्या ज्या घरांत नवरा परतला नसेल, त्या घरांतली काजळाची डबी कायमची मिटली असेल. ज्या रीतीने ती मिटली तिच्यापुढे सरकारची बंदूक आणि सरकारविरुद्धचा मोर्चा दोन्ही सारखेच ठरले. स्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळण्याची आपल्याला सवय झाली आहे.

असो. स्नेहसंमेलनाची घंटा झाली तेव्हा आरसा धरून बसलेल्या त्या बाईंनी आपल्या मुलीला जवळ ओढले. तिच्या डाव्या पापणीच्या कोपऱ्यात रेघ जरा उघडी राहिली होती. त्यांनी करंगळीच्या टोकाने ती हलकेच वर पसरली, मान मागे घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, “हितं राहिलं होतं बघ.” काम अगदी सफाईचे होते. जाता जाता आरसा पिशवीत टाकण्याआधी त्यांनी त्याच करंगळीकडे क्षणभर पाहिले आणि मग ती पदराला पुसली.